न जुळणारे हाड, मूलपेशी आणि परांची

आंबा उतरवण्याचा हंगाम सरत आला की आमच्या किनाऱ्यावरच्या अस्थिरोग विभागांत दरवर्षी तीच माणसे दिसतात : कलमावरून घसरलेला, माडावरून पडलेला, महामार्गावर दुचाकीसकट आडवा झालेला. यंदा मात्र पत्रांचा सूर निराळा आहे. हाड मोडले, आता काय करावे, असे विचारणारे थोडे आणि मूलपेशींनी, म्हणजे सगळे ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींनी, ते भरून निघेल का, असे विचारणारे पुष्कळ. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न (देवगड) : माझा धाकटा भाऊ, वय ३४, गेल्या वर्षी टेम्पोची धडक बसून जखमी झाला. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या. मध्ये जंतुसंसर्ग झाला, मेलेले हाड काढावे लागले आणि सुमारे ५ सेंटिमीटरची पोकळी राहिली. ११ महिने उलटले तरी हाड जुळलेले नाही. शहरातल्या एका केंद्राने कमरेच्या हाडातून मूलपेशी काढून त्या पोकळीत टोचल्या की नवे हाड तयार होईल, असे सांगून अडीच लाख रुपये मागितले आहेत. त्यासाठी आंब्याची बाग गहाण ठेवावी का?

उत्तर : बाग गहाण ठेवू नये, निदान या इंजेक्शनसाठी तर मुळीच नको. कारण थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे तुम्हाला त्या केंद्रात जाऊन नेमके प्रश्न विचारता येतील.

कातडी कापली की वण राहतो. हाडाचे तसे नाही. मोडलेल्या जागी रक्त साकळते, त्या गुठळीत पेशी शिरतात, दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड धरतो, पुढे त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार बसून तो कडक होतो, आणि त्यानंतर कित्येक महिने, कधी काही वर्षे, जुने हाड कुरतडणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशी मिळून त्याला असा आकार देतात की मोड कुठे होती हे क्ष-किरण चित्रातही शोधावे लागते. पण हे सारे टोके जवळ असतील तरच घडते. साधारणपणे २ सेंटिमीटरहून अधिक लांबीचे आणि परिघाच्या निम्म्याहून अधिक हाड गेले, तर ती दोन टोके आपणहून भेटत नाहीत. त्यातून नडगीच्या पुढच्या आतल्या बाजूला स्नायूंचे पांघरूण नाही, हाडावर थेट कातडी आहे. रक्तपुरवठा मुळातच बेताचा, आणि उघड्या जखमेने व संसर्गाने तोही आणखी आक्रसलेला. तुमच्या भावाच्या पायात पेशींची उणीव आहे हे खरे, परंतु ती एकमेव उणीव नाही आणि पहिलीही नाही.

हाड भरून येण्यासाठी चार गोष्टी एकत्र लागतात : हाड रचू शकणाऱ्या पेशी, त्यांना धरून राहायला आधार, काय करायचे याचा संदेश देणारी प्रथिने, आणि हाडाची दोन टोके हलू न देणारे स्थैर्य. या चौघांच्या बुडाशी रक्तपुरवठा असतोच. आधाराला वैद्यकात स्कॅफोल्ड म्हणतात. मराठीत परांची म्हटले तर अर्थ सहज ध्यानात येतो. गवंडी कितीही कुशल असला तरी परांचीशिवाय तो दुसऱ्या मजल्याची भिंत बांधू शकत नाही. फरक एवढाच की, घराची परांची काम संपल्यावर कोणीतरी उतरवतो. हाडातली परांची जागच्या जागी विरघळून जावी लागते.

आता त्या केंद्राच्या प्रस्तावाकडे पाहू. अस्थिमज्जेत हाड, कूर्चा किंवा चरबी बनू शकणाऱ्या पेशी असतात, हे मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत दाखवले. अमेरिकेच्या अरनॉल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये त्यांना मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केले, आणि गंमत अशी की, हे नाव दिशाभूल करते, ते बदला, असे आर्जव २०१७ मध्ये कॅप्लन यांनीच केले. शरीरात सोडलेल्या या पेशी बहुतांशी स्वतः नवे अवयव बनत नाहीत, तर स्राव सोडून आसपासच्या पेशींना कामाला लावतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय त्या फार विरळ असतात. मज्जेतल्या केंद्रक असलेल्या दहा हजार पेशींमागे जेमतेम एखादी, कित्येकदा लाखामागे एखादी. आणि कोणतीही जिवंत पेशी सूक्ष्म रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा दूर फार काळ तग धरत नाही. ५ सेंटिमीटरच्या पोकळीत, जिथे आधार नाही आणि रक्तही नाही, तिथे द्रवातून सोडलेल्या पेशी कशाला धरून राहणार? खाडीच्या पाण्यात कालवांची पिल्ले अगणित तरंगत असतात. पण खडपाला चिकटतात तीच वाढतात.

मज्जेचे इंजेक्शन कधीच उपयोगी नसते, असे मात्र मी म्हणत नाही. पॅरिसजवळच्या फिलिप हर्निगू यांनी २००५ मध्ये नडगी न जुळलेल्या ६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. कमरेची मज्जा काढून, यंत्रात फिरवून, दाट करून टोचल्यावर त्यांतल्या ५३ जणांचे हाड जुळले. उरलेल्या सात जणांना दिलेल्या मज्जेत मूलपेशींची संख्या कमी होती, आणि म्हणून पेशींची मोजदाद केल्याशिवाय टोचण्यात अर्थ नाही, हा त्या अभ्यासाचा खरा धडा आहे. ते सर्व रुग्ण जंतुसंसर्ग नसलेले होते, ही गोष्ट तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

मोठ्या पोकळीसाठी पेशी आणि परांची दोन्ही वापरण्याचा प्रयत्नही झाला आहे. इटलीतील एका गटाने २००१ मध्ये तीन रुग्णांची हकिगत मांडली : ४ ते ७ सेंटिमीटर हाड गेलेले, मज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून हायड्रॉक्सिअपाटाइटच्या, म्हणजे हाडात असतो त्याच क्षाराच्या, सच्छिद्र ठोकळ्यावर बसवल्या, तो ठोकळा पोकळीत ठेवला, बाहेरून सळ्यांच्या चौकटीने हाड स्थिर केले. हाड जुळले, आणि सहा-सात वर्षांनंतरही ते टिकून असल्याचे पुढे नोंदवले गेले. इतके चांगले असूनही हा उपचार आज गावोगाव का होत नाही, असे तुम्ही विचाराल. रुग्ण अगदी मोजके होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; पेशी वाढवायला काही आठवडे आणि अत्यंत निर्जंतुक, परवानाधारक प्रयोगशाळा लागते; आणि ठोकळ्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत तिथल्या पेशी जगवायच्या कशा, हे कोडे अजूनही पुरते सुटलेले नाही. माझ्या मते या क्षेत्राचे घोडे पेशींपाशी नव्हे, रक्तवाहिन्यांपाशी अडले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या विकारांसाठी होणारे मज्जारोपण वगळता मूलपेशींचा वापर हे संशोधन समजायचे, ते मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा त्या केंद्राला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सरकारी नोंदवहीतला क्रमांक विचारा. ती नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. आतापर्यंत ५ सेंटिमीटर पोकळी असलेले किती रुग्ण बरे झाले, तेही विचारा. क्रमांक नसेल आणि पैसे मात्र आगाऊ हवे असतील, तर परतीची एसटी धरा. (मुख्य शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचीच मज्जा दाट करून हाडाच्या रोपणात मिसळणे, ही निराळी गोष्ट आहे, बरेच शल्यविशारद ती जोड म्हणून करतात आणि तिचा बडेजाव करत नाहीत.)

मग भावासाठी काय करावे? आधी संसर्ग पूर्ण गेला आहे ना, याची रक्ततपासणीने व प्रसंगी आतला नमुना घेऊन खात्री करावी. त्यानंतर दोन भरवशाचे मार्ग आहेत. पहिला रशियाच्या कुर्गान शहरातील गॅव्रील इलिझारोव्ह यांचा : पायाभोवती कड्यांची चौकट बसवून, चांगल्या भागातले हाड कापून ते दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, पोकळीच्या दिशेने सरकवत न्यायचे, मागे राहणाऱ्या फटीत नवे हाड तयार होत जाते. ५ सेंटिमीटरसाठी नुसते सरकवायलाच सुमारे ५० दिवस, आणि ते पक्के व्हायला त्याहून कितीतरी अधिक. कडी कित्येक महिने पायात राहतात, भोके रोज स्वच्छ करावी लागतात; जिद्द हवी. दुसरा मार्ग फ्रान्सच्या अलँ मास्केले यांचा : पोकळीत आधी हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती शरीर रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पातळ पडदा विणते, मग गोळा काढून त्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेचे हाड भरायचे. या पडद्यात हाड वाढवणारी प्रथिनेही आढळतात. पेशी, परांची, संदेश आणि रक्त हे सगळे इथे रुग्णाचे स्वतःचे असते; प्रयोगशाळेत जे जमवण्याची धडपड चालली आहे, ते शरीर सिमेंटच्या गोळ्याला फसून आपणहून करते, याचे मला दर वेळी नवल वाटते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या दोन्ही शस्त्रक्रिया होतात. आधी तिथे दाखवावे.

प्रश्न (वेंगुर्ले) : मी बारावीत शिकतो. एकाच पेशीपासून हाड, कूर्चा किंवा चरबी बनू शकते, तर आपण हाड व्हायचे हे त्या पेशीला कळते कसे?

उत्तर : प्रश्न नेमका आहे, आणि त्याची निदान दोन उत्तरे ठाऊक आहेत.

पहिले उत्तर रसायनाचे. लॉस एंजेलिसचे मार्शल उरिस्ट यांनी हाडातले सगळे क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला लवचीक तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, जिथे हाडाचा काहीएक संबंध नाही, तिथे नवे हाड उगवले. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. म्हणजे त्या मृत तुकड्यातच काहीतरी आज्ञा शिल्लक होती. पुढे ती प्रथिने वेगळी काढली गेली आणि त्यांना बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन) म्हणतात. त्यांपैकी एक, प्रयोगशाळेत बनवलेले बीएमपी-२, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या मोडीसाठी मान्य केले. ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून ठेवतात. स्पंज ही परांची, प्रथिन हा संदेश, आणि पेशी रुग्णाच्या. परंतु नैसर्गिकरीत्या हाडात असते त्याच्या कितीतरी पट मात्रा वापरावी लागते, आणि मानेच्या कण्यात वापरल्यावर घशाला घातक सूज आल्याच्या घटनांमुळे त्याच प्रशासनाला २००८ मध्ये इशारा द्यावा लागला. आज्ञा मोठ्या आवाजात दिली की शेजारच्यांनाही ऐकू जाते.

दुसरे उत्तर भौतिकशास्त्राचे, आणि मला ते अधिक आवडते. पेशी आपल्या खालची जमीन चाचपून पाहते. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याच पेशी निरनिराळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, स्नायूइतक्या कडक जेलवर स्नायूंसारख्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडांच्या पेशींची लक्षणे दाखवू लागल्या. म्हणून परांची बनवणारे आता तिच्या रसायनाइतकाच तिच्या कडकपणाचा आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा विचार करतात. पुढे याच विषयात शिरायचे असेल, तर बारावीनंतर वैद्यकाचाच रस्ता धरावा लागतो असे नाही. सिरॅमिक्स, पॉलिमर आणि यंत्र अभियांत्रिकीची माणसे या प्रयोगशाळांत डॉक्टरांपेक्षा अधिक असतात.

प्रश्न (मालवण) : पोवळ्यापासून माणसाचे हाड बनवतात, असे एका पर्यटकाने मला सांगितले. खरे आहे का? आमच्या किनाऱ्यावर माकलीच्या जातीतल्या माशाच्या पाठीतले पांढरे, होडीसारखे हाडही पुष्कळ वाहून येते. त्याचा असा उपयोग होईल का?

उत्तर : पर्यटकाने सांगितले ते खरे, फक्त पोवळ्यापासून हाड बनत नाही, परांची बनते. पोवळ्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आपल्या हाडातला क्षार हा हायड्रॉक्सिअपाटाइट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार. फॉस्फेटच्या द्रावणात उच्च तापमान आणि दाबाखाली ठेवले तर पोवळ्यातल्या कार्बोनेटची जागा फॉस्फेट घेते, पण आतली छिद्रांची रचना जशीच्या तशी राहते, हे १९७४ मध्ये दाखवले गेले. काही जातींच्या पोवळ्यांतली छिद्रे एकमेकांना जोडलेली आणि काही दशांश मिलिमीटर रुंदीची, म्हणजे आपल्या स्पंजासारख्या हाडाच्या जवळ जाणारी असतात. आणि सगळी मेख छिद्रांत आहे. ती एक दशांश मिलिमीटरपेक्षा लहान असली तर पेशी आणि रक्तवाहिन्या नीट शिरत नाहीत; तीन दशांशाच्या पुढे गेली तर रक्तवाहिन्यांना वाट मिळते; पण फारच मोठी केली तर ठोकळा हातातच कुस्करतो. अशा रोपणांची विक्री परदेशांत अनेक वर्षे होत आली आहे.

तुम्ही म्हणता ते पांढरे हाड वैद्यांच्या दुकानात समुद्रफेन या नावाने मिळते. समुद्राचा फेस गोठून ते होते, हा समज चुकीचा. ते त्या प्राण्याच्या अंगातले कवच आहे. भिंगाखाली पाहिले तर मजल्यावर मजले आणि मध्ये बारीक खांब, नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती पोकळी. तेही कार्बोनेटच असल्याने वरच्याच पद्धतीने त्याचे हायड्रॉक्सिअपाटाइट करता येते आणि त्यावर प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे. मात्र किनाऱ्यावर सापडलेला तुकडा घरी कुटून जखमेवर भरू नये. शरीरात जाणारी वस्तू शुद्ध आणि निर्जंतुक असावी लागते.

पोवळ्याला तर हातच लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तुमचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तशी गरजही उरलेली नाही. हायड्रॉक्सिअपाटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट कारखान्यात बनते; पहिले शरीरात वर्षानुवर्षे राहते, दुसरे काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांत विरघळते, म्हणून दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळतात. फ्लोरिडाच्या लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाला घट्ट चिकटणारी काच बनवली. हल्ली सीटी स्कॅनवरून पोकळीचा नेमका आकार घेऊन तेवढीच परांची थ्रीडी प्रिंटरवर छापतात. या सर्वांत एक खोट समान आहे : सिरॅमिक ठिसूळ असते आणि पायावर माणसाचे वजन पडते. त्यामुळे प्लेट, सळी किंवा चौकट यांची सोबत सुटत नाही.

प्रश्न (चिपळूण) : आईचे वय ५८, मधुमेह आहे. दंडाचे हाड मोडून ५ महिने झाले, जुळत नाही. डॉक्टर मशेरी बंद करा एवढेच पुन्हा पुन्हा सांगतात. दातांच्या मशेरीचा दंडाशी काय संबंध? कांडवेलीचा लेप लावून हाडवैद्याकडून बांधून घ्यावे का? की मूलपेशींचा उपचार करावा?

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगत आहेत, फक्त कारण सांगायला त्यांना सवड झालेली दिसत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते, बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि हाड रचणाऱ्या पेशींना मंदावते. आईच्या मूलपेशी तिच्याच मज्जेत आणि हाडावरच्या आवरणात आहेत. त्यांची रसद तोडून बाहेरून आणखी पेशी आणण्यात काय हशील? मशेरी पूर्ण बंद करावी, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, जेवणात मासे, अंडी, कुळीथ नेमाने असावेत, आणि तरीही जुळले नाही तर प्लेट व कमरेचे हाड हा साधा, खात्रीचा उपाय आहे. कांडवेलीवर प्राण्यांत आशादायक प्रयोग झाले आहेत. पण लेपाने मोडीतली हालचाल थांबत नाही. आणि बांधण्याबद्दल एवढेच सांगतो की घट्ट पट्टीने बोटे काळी पडलेला हात मी पाहिला आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे. नाळेतले रक्त साठवून ठेवले तर पुढे बाळाचे हाड मोडले, सांधा झिजला तरी त्यातल्या मूलपेशी कामी येतील, असे एका खासगी बँकेच्या प्रतिनिधीने सांगितले. हप्त्याने पैसे भरता येतात. भरावेत का?

उत्तर : नाही. नाळेच्या रक्तात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात; हाड रचणाऱ्या पेशी त्यात अगदी तुरळक, आणि मोडलेल्या हाडावर अशा साठवलेल्या रक्ताचा प्रस्थापित उपचार नाही. रक्ताच्या काही आजारांत नाळेचे रक्त खरोखर जीव वाचवते, पण बहुधा दुसऱ्याच्या. आनुवंशिक आजार असेल तर तो दोष बाळाच्या स्वतःच्या साठ्यातही असतोच. स्वतःसाठी भविष्यात उपयोगी पडेल म्हणून नाळेचे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचेच मत आहे. घरात थॅलेसेमियासारखा आजार असलेले मोठे भावंड असेल, तर गोष्ट निराळी; तेव्हा रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

प्रसूतीच्या वेळी एक गोष्ट मात्र मागून घ्यावी. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न आवळता किमान १ मिनिट, शक्यतो ३ मिनिटांपर्यंत थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात नाळेतले बरेचसे रक्त बाळाच्याच अंगात उतरते आणि पहिल्या काही महिन्यांत त्याला लोह कमी पडण्याची शक्यता घटते. बाळाला श्वासाची अडचण असेल तर डॉक्टरांना थांबता येणार नाही, पण एरवी याला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.